बुधवारची भूक

मनोहर गेल्याची बातमी सगळ्या नागपूरच्या आधी माझ्या हातात पडली होती. फक्त ती मनोहरची आहे हे मला समजलं नाही.

झालं असं की मी एका दैनिकात प्रूफं तपासतो. निधनवार्तांची गॅली, म्हणजे छापण्याआधी तपासायचा कच्चा कागद, रोज दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या टेबलावर येते. त्या सोमवारीही आली. सगळ्यात शेवटी एक छोटी वार्ता होती... कालकथित मनोहर, पुढे वडिलांचं नाव, पुढे आडनाव, राहणार वाडी, अंत्ययात्रा मंगळवारी सकाळी. स्तंभ एका ओळीने वाहत होता, म्हणजे मजकूर जागेपेक्षा एक ओळ जास्त झाला होता. आमच्या धंद्यात स्तंभ वाहू लागला की कात्री कुठे लावायची हे ठरलेलं असतं. नावाला हात लावता येत नाही, अंत्ययात्रेच्या वेळेला तर नाहीच नाही, आणि मुलं-जावई-नातवंडं कापली तर घरची मंडळी दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर होतात. म्हणून कापायचा तो 'मोठा मित्रपरिवार'. तो सगळ्यांनाच असतो आणि तक्रार करायला कधी येत नाही. मी कापला, गॅलीवर सही केली आणि चहा प्यायला गेलो. चहाबरोबर एक समोसाही खाल्ला. हे सांगायची गरज नव्हती, पण तो समोसा माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

बुधवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सदरमधल्या त्या शाळेपाशी पोहोचलो. फाटकात मनोहर नव्हता. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आत पहिलीच्या वर्गाला कुलूप, आणि बाहेर व्हरांड्यात आमची चार माणसं चपला न काढता उभी. भाऊराव ऑटोवाला पुढे आला.

"मनोहर गेला गा, वसंता. रविवारी. कामावर, वजनकाट्यावर बसल्या बसल्या."

"काय म्हणतोस?"

"काल नेलं. मानूस लय होतं, पण आपल्यातला मी एकटाच. मले वाटलं तू येशील. पेपरात आलं होतं म्हनते. पेपर तर तुहाच."

वाचकांना इथे थोडं सांगायला हवं. बुधवारची ही बैठक म्हणजे दारू सोडलेल्या, सोडू पाहणाऱ्या आणि सोडता न येणाऱ्या माणसांची. तिथे कोणी कोणाला उपदेश करत नाही, आपापलं सांगतो आणि दुसऱ्याचं ऐकतो. नियम म्हणावा असा एकच, आडनाव सांगायचं नाही आणि विचारायचं नाही. आमच्या गावात आडनाव कळलं की माणूस कळल्यासारखा वाटतो आणि पुढचं ऐकायचं राहून जातं, म्हणून हा नियम. त्यामुळे आठ वर्षं दर बुधवारी ज्याच्या शेजारी बसलो, त्याचं आडनाव मला ठाऊक नव्हतं. माझा मनोहर नुसता मनोहर होता. सोमवारी गॅलीवर आलेला तीन नावांचा गृहस्थ, वाडीचा असूनही, मला परका वाटला, आणि त्याचा मित्रपरिवार, म्हणजे मी स्वतः, मीच माझ्या लाल पेनानं कापून टाकला.

भाऊराव आणखी काही बोलत होता. मी वळलो आणि फाटकाबाहेर पडलो. त्या शाळेपासून चारशे पावलांवर देशी दारूचं एक दुकान आहे. ती पावलं मी पूर्वी अनेकदा मोजली होती, म्हणून आकडा ठाऊक आहे. सात वर्षं मी प्यालो नव्हतो. आता पिणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता... आणि खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर ठाऊक आहे असं वाटत होतं.

पण आधी मनोहर भेटला कसा, ते सांगतो.

मी लपून प्यायचो, असा माझा समज होता. बडीशेप, वेलदोडे, पेरूची पानं, सगळं खिशात असे. एकदा जिन्यावर असताना आमच्या शिपायाचा आवाज ऐकला, "वसंतराव आले वाटते, बडीशेपेचा वास येऊन राहिला." तरीही माझा समज कायम राहिला. कामात गोंधळ होत होते. एका लग्नाच्या अभिनंदनावर 'दुःखद' असा मथळा माझ्या सहीनं छापून गेला आणि वराचे वडील हातात पेपर आणि पायातलं काढायच्या बेतात, असे आमच्या संपादकांसमोर उभे राहिले. टेकडीच्या गणपतीपुढे मी पाच वेळा शपथ घेतली होती. सहाव्यांदा गेलो तेव्हा तिथला पुजारीच म्हणाला, "राहू द्या साहेब, मागची अजून चालू आहे." आणि मग एका सकाळी सुधानं, माझ्या बायकोनं, मुलीचे कपडे ट्रंकेत भरले आणि कळमेश्वरला भावाकडे निघाली. मी म्हटलं, "भांडण झालं नाही, काही नाही, आणि चाललीस?" ती म्हणाली, "भांडायला जोर लागतो. मी थकले." सात वर्षांच्या मुलीचा हात धरून एसटीच्या दिशेनं चालणारी पाठमोरी सुधा... ते दृश्य मी पुष्कळ वेळा पुष्कळ लोकांना गमतीदार करून सांगायचा प्रयत्न केला आहे. ते होत नाही.

त्याच महिन्यात माझ्या टेबलावर एक जाहिरात आली. चौकोनी वहीच्या कागदावर गोल अक्षरात लिहिलेली. 'दारूचा त्रास आहे? आम्हालाही होता. दर बुधवारी, संध्याकाळी सहा.' खाली शाळेचा पत्ता आणि 'वर्ग पहिली'. बस. दुसरा कोणी असता तर वाचून हादरला असता. मी लाल पेन काढला आणि समासात शेरा मारला, 'मजकूर अपुरा. संस्थेचे नाव? अध्यक्ष? नोंदणी?' आणि जाहिरात थांबवली. अख्ख्या नागपुरात त्या तीन ओळींची गरज असलेला माणूस शोधायला निघालं असतं तर माझ्या टेबलापाशी येऊन थांबावं लागलं असतं. पण मला मजकूर अपुरा वाटला.

आठवड्यानं एक माणूस विचारपूस करायला आला. उंच, काळासावळा, बाह्या नीट दुमडलेला पांढरा सदरा, सायकलची क्लिप अजून पायजम्याला लावलेली. दुपारचे बारा वाजले होते आणि मी सकाळचं औषध घेऊन बसलो होतो.

"साहेब, आमची जाहिरात अटकली म्हनते."

"अटकली नाही, अपुरी आहे. संस्थेचं नाव काय?"

"नाव नाही."

"अध्यक्ष?"

"तो बी नाही."

"मग जबाबदार कोण?"

"ज्याचा तो."

"तुमचं नाव तरी आहे का?"

"मनोहर."

"पूर्ण सांगा."

"एवढंच पूर्ण हाय, साहेब."

मी खुर्चीत मागे रेलून त्याला नियम समजावू लागलो. पाच मिनिटं बोललो असेन. बोलताना माझा हात टेबलावरच्या दौतीला लागून ती कलंडली. त्यानं ती सरळ केली, खिशातला रुमाल काढून शाई टिपली, आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात कीव नव्हती. आपल्याच गल्लीतला माणूस परगावी दिसावा, तसा तो बघत होता. म्हणाला, "छापून टाका साहेब. कोनाच्या ना कोनाच्या कामी येईन." निळा झालेला रुमाल घडी करून खिशात ठेवून तो गेला, आणि मी शेरा खोडला.

पुढच्या बुधवारी मी शाळेसमोरच्या रसवंतीत जाऊन बसलो. आत जायचा माझा विचार नव्हता. कोण कोण येतं, ओळखीचं कोणी दिसतं का, एवढंच पाहायचं होतं. उसाच्या रसाचे तीन ग्लास प्यालो. मनोहर फाटकात उभा होता. आत कोणीच गेलं नाही. मला वाटलं, मागच्या दारानं जात असतील, संस्था बरीच मोठी दिसते. दुसऱ्या बुधवारी पुन्हा तेच, तीन ग्लास, मनोहर फाटकात. तिसऱ्या बुधवारी खाकी कपड्यातला एक माणूस आत गेला आणि मागोमाग छत्री घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. मी दुसरा ग्लास हातात घेतो तोच मनोहर रस्ता ओलांडून आला आणि माझ्या बाकावर बसला. त्यानंही एक ग्लास मागवला. उसाबद्दल बोलला, लिंबू जास्त झालं म्हणाला, आणि मग उठता उठता म्हणाला, "तीन बुधवार झाले, साहेब, रस पिऊन राहिले तुमी. शुगर लागाच्या आंधी आत या."

"मी बातमीसाठी आलोय," मी ताठ बसून म्हणालो.

"या ना मंग. बातमी बी आतच हाय."

पहिलीच्या वर्गातल्या त्या वीतभर उंचीच्या बाकांवर आम्ही चौघं गुडघे छातीशी घेऊन बसलो. माझी पाळी आल्यावर मी उभा राहिलो आणि माझं संपूर्ण नाव, पदवी, हुद्दा, मूळ गाव, सगळं सांगितलं. फक्त मी दारू पितो, एवढं सांगायचं राहून गेलं. मग खाली बसून शेजारच्याला विचारलं, "आपलं आडनाव?" मनोहर म्हणाला, "वसंतराव, इथं आडनाव म्हनजे चप्पल. बाहेर काढून ठेवाची. जाताना घालून जा." सगळे हसले. मीही हसलो, पण मला राग आला होता.

मग खाकी कपड्यातला भाऊराव सांगू लागला. तो सावकाश, तुटक बोलत होता. माझं काम आयुष्यभर एकच, आधीच्या पानावर काय आहे आणि पुढच्या पानावर काय आहे ते ताडून पाहायचं. भाऊराव सुरुवातीला म्हणाला होता, तीन पोरं. शेवटी म्हणाला, दोघांसाठी सोडाची हाय. मी हात वर केला. खरोखर, शाळेतल्यासारखा हात वर केला आणि म्हणालो, "मघाशी तुम्ही तीन म्हणालात, आता दोन. काहीतरी एक नक्की करा."

भाऊराव माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "एक मधात गेला, साहेब. मी घरी नव्हतो."

...

त्या वर्गाच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. बैठक संपेपर्यंत मी 'ज्ञ' या अक्षराखालच्या चित्राकडे बघत होतो. संपल्यावर पहिला मी बाहेर पडलो. पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही हे ठरलं होतं, आणि ते कोणत्या दुकानात जाऊन साजरं करायचं हेही. मागून सायकलची साखळी वाजली. मनोहर सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालू लागला. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो. शेवटी मीच म्हणालो, "मी नीच माणूस आहे."

"असाल. मले काय मालूम? आजच तर भेटलो," तो म्हणाला. "पन एक सांगू काय? तीनाचे दोन झाले हे तुमच्याच ध्यानात आलं. मी त्याच्या बाजूले बसलो होतो, मले नाही समजलं. मी आपल्या पाळीले काय बोलू, तेच जुळवून राहिलो होतो. तुमी ऐकत होते, वसंतराव. भाऊरावचं कोन ऐकते? पुढच्या बुधवारी या अन् तेवढंच करा. ऐका."

एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी काही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि हा गृहस्थ माझ्या सगळ्यात वाईट चुकीतून ते शोधून काढत होता. मी त्या दुकानावरून पुढे चालत गेलो. मनोहर सोबत आला, माझ्या घरापर्यंत आला, आणि मग उलट दिशेला, पार वाडीपर्यंत सायकल मारत गेला.

पुढच्या बुधवारी मी सगळ्यात आधी भाऊरावसमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागण्यासाठी चांगली चार वाक्यं तयार केली होती. तो म्हणाला, "राहू दे गा. त्याचं नाव गणेश. कोनी विचारतच नाही." मग आम्ही बसलो, आणि माझी पाळी आल्यावर मी फक्त वसंता म्हणालो आणि सुधाबद्दल बोललो.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर मनोहर वरून हसेल. आठ महिन्यांनी माझ्या चुलतभावाच्या लग्नात मी प्यालो. थोडी नाही, वरातीचा घोडा मला बघून बिचकला इतकी. त्यानंतर दोन बुधवार मी गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात रविवारी मनोहर दारात. म्हणाला, "चला, माहं काम पाहाले." वाडीत अमरावती रस्त्यावर ट्रकांच्या गोदामांपाशी जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा होता, तो काटा मनोहर सांभाळत असे. रिकामा ट्रक येई, तोलला जाई, भरून येई, पुन्हा तोलला जाई, आणि मनोहर खिडकीत बसून गोल अक्षरात चिठ्ठी लिही. ट्रक नसताना त्यानं मला त्या लोखंडी फळीच्या मधोमध उभं केलं.

"आता बोला, काय काय बोजा हाय तुमच्यावर."

मी बोललो. नोकरी, सुधा, मुलगी, वडिलांचं जाणं, लग्नातली फजिती. दहा मिनिटं उन्हात उभा राहून सगळं काढलं.

"झालं?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"झालं."

"काटा हालला नाही," तो म्हणाला. "बारा टनाचा काटा हाय, बाप्पा. तुमच्यासारख्याची त्याले खबर बी लागत नाही. उतरा, चहा पिऊ."

मला इतकं हसू आलं की मी तिथेच फळीवर बसलो. मागे एक ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

त्या दिवशी चहा पिताना त्यानं पहिल्यांदा स्वतःचं थोडं सांगितलं. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, वडिलांचा हात धरून त्या गर्दीत उभा होता. "पाचही शीलं मोठ्यानं म्हटले मी. बापाच्या आवाजाच्या वर आवाज. पाचवं तर आरडलोच... दारू पिनार नाही म्हनून. बाप लय खूश. मंग पंधरा-सोळा वर्षं तेच केलं, जे नाही करीन म्हटलं होतं. बाकी पेनारे एकदा लाजतात. मी दोनदा लाजो. एकदा लोकाइले, एकदा त्या पंधरा वर्षांच्या पोराले." मी विचारलं, "आणि सोडून किती वर्षं झाली?" तो म्हणाला, "आजचा दिवस धरून सांगू का सोडून?" आणि कप विसळायला उठला. त्याचं उत्तर नेहमी असंच असे. मी मनात पंधरा वर्षं धरून चाललो होतो. एवढा ठाम माणूस म्हणजे निदान पंधरा.

सुधाकडे माझ्या वतीनं रदबदली करायला त्यानं साफ नकार दिला. "मी सांगतलं तर त्या माह्या भरवशावर येतीन. मी काय तुमच्या घरी राहाले येनार हाओ?" मात्र माझ्याबरोबर कळमेश्वरच्या एसटीत बसला, आणि तिथे स्टँडवर दोन तास शेंगदाणे खात बसून राहिला. मी परत आलो तर त्यानं फक्त पुडीत शिल्लक ठेवलेले शेंगदाणे पुढे केले. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी सुधा माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली, "तो कोण शेंगदाणेवाला सोबत आणता, तो तरी पाहू," म्हणून. दोघं काय बोलले मला ठाऊक नाही, मी तिकिटाच्या रांगेत होतो. दिवाळीनंतर ती परत आली. मला विचारलं फक्त, "बुधवारी किती वाजता निघता?"

तर, ती संध्याकाळ. चारशे पावलं संपली होती आणि मी दुकानासमोर उभा होतो. आत जाण्यासाठी मला एक चांगलं कारणही सुचलं होतं. मनोहरच्या नावानं दोन घोट. ज्यानं सात वर्षं मला पिऊ दिलं नाही, त्याला दारूनं श्रद्धांजली... ही कल्पना सुचायला पूर्वी मला पावशेर तरी लागली असती, आता ती न पिताच सुचली. माझा हात खिशात होता. इतक्यात शेजारी ऑटो येऊन थांबला.

"बस," भाऊराव म्हणाला.

"कुठे?"

"बस तर."

"भाऊराव, मी त्याचा मित्रपरिवार कापला रे..."

त्याला अर्थातच काही कळलं नाही. "बरं, कापला तर कापला. बसून सांग," म्हणाला. मी बसलो. दुकानापासून दूर जाण्यासाठी मी काही केलं नाही, हे नोंदवून ठेवतो. भाऊरावनं गाडी चालू केली आणि मी तिच्यात होतो, एवढंच. वाटेत मी त्याला गॅलीची सगळी हकिकत ओरडून सांगितली, कारण ऑटोचा आवाज फार होता. तो एकदाच बोलला, "म्हनजे तू खाडाखोड केली. मारला तर नाही ना त्याले."

मनोहरचं घर वाडीत भाड्याच्या दोन खोल्यांचं. दिवेलागण झाली होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली स्टुलावर मनोहरचा फोटो आणि मेणबत्ती. त्याच्या पत्नी, कमलबाई, चटईवर बसल्या होत्या, शेजारी कॉलेजातली मुलगी. भाऊरावला त्या ओळखत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे कोन?"

आता आला प्रश्न. बैठकीतला माणूस घरी कोण म्हणून सांगायचा? मनोहर घरी काय सांगत असे मला ठाऊक नव्हतं. आठ वर्षांचं गुपित मी दारात उभा राहून फोडायचं? प्रसंगावधान दाखवून मी म्हणालो, "आम्ही... भजनी मंडळातले."

 मी बुद्धाकडे पाहिलं, बाबासाहेबांकडे पाहिलं, आणि मी काय बोललो ते मला समजलं. मुलीनं तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलू लागले. "आई, बाबा अन् भजन!" असं म्हणून ती रडत होती त्यातच हसू लागली, आणि कमलबाईही हसल्या. मला नंतर कळलं, रविवारपासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

"बुधवारवाले हा ना?" कमलबाई डोळे पुसत म्हणाल्या. "काहून लपवता? मीच धाडत होती त्याइले. वसंतराव तुमी?"

"हो."

"रस पेनारे?"

मी मान डोलावली.

"बसा," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आठ वर्षं ठाऊक नव्हतं. आमच्या कार्यालयात मनोहर आला, तेव्हा त्याला सोडून दीड महिना झाला होता. दीड महिना. कामानिमित्त दुसऱ्या गावी गेला असता अशा बैठकीत दोनदा बसून आला होता, त्या शिदोरीवर त्यानं शाळेच्या बाईंच्या हातापाया पडून वर्ग मिळवला होता. "पयले दोन बुधवार कोनीच नाही आलं. एकटा बसून येत. घरी येऊन म्हनत, कमल, आज बी कोनी नाही, पन समोर एक मानूस रस पेते. तो आत आला पाहिजे वं. तो नाही आला तर मी बी चाललो पेवाले. तिसऱ्या बुधवारी सकाळी चहा बी नाही घेतला त्याइनं... संध्याकाळी आले अन् दारातूनच आरडले, आला! आला!"

मी भिंतीला टेकलो. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मनोहरनं मला ओढून वर काढलं. तो मला रसवंतीतून हाताला धरून आणायला आला, तेव्हा तोच बुडत होता आणि मी काठावर बसून रसाचा दुसरा ग्लास पीत होतो.

"घाबरायचे ते नंतरही?" मी विचारलं.

"दर बुधवारी. शेवटच्या बी. आज कोनी नाही आलं तर, हेच भेव. दुपारचं जेवन नाही जाये त्याइले बुधवारी, डबा जसाच्या तसा वापस. अन् बैठकीवरून आले का मंग भूक! मी विचारतच नव्हती किती जन होते म्हनून. तीन भाकरी खाल्ल्या तर समजाचं, लोकं कमी होते. पाच खाल्ल्या तर कोनी नवीन आलं."

निघताना त्यांनी फळीवरून एक किल्ली काढून माझ्या हातात दिली. "वर्गाची. साडेपाचले उघडा लागते. झाडून घ्याल, पोट्टे खडूचे तुकडे फेकून ठेवतात." मी म्हणालो, मला त्यांच्याबद्दल पेपरात लिहायचंय, चालेल का. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "लिहा ना काका. बाबानं दारू सोडली होती, चोरी नव्हती केली." कमलबाई म्हणाल्या, "नाव मनोहर एवढंच टाका. त्याइले तेवढंच पूर्ण वाटे."

म्हणून एवढंच टाकलं आहे.

आता सहा बुधवार झाले. मी पाचलाच कार्यालयातून निघतो, वर्ग उघडतो, झाडतो आणि फाटकात उभा राहतो. सहाला पाच कमी असताना रस्त्यावर कोणी दिसत नाही, तेव्हा मी समोरच्या रसवंतीतल्या बाकांकडे बघत राहतो. पहिल्या बुधवारी मी सुधानं दिलेला डबा तसाच परत आणला. तिनं काही विचारलं नाही, तिला वाटलं दुःखानं असेल. दुसऱ्या बुधवारी पुन्हा आणला तेव्हा कमलबाईंच्या भाकरींचा हिशेब सांगावा लागला. आता ती बुधवारी डबाच देत नाही. संध्याकाळी कणीक मात्र जास्त भिजवते.

गेल्या बुधवारी एक तरुण मास्तर आला. अर्धा तास फाटकाच्या आत-बाहेर करत होता, शेवटी आत आला आणि पूर्ण वेळ एक शब्द बोलला नाही. जाताना म्हणाला, "पुढच्या वेळी बोललो तर चालेल?" मी घरी आलो, हात धुतले, पाटावर बसलो. सुधा पोळी वाढत होती. चौथ्या पोळीला तिनं माझ्याकडे पाहिलं. पाचव्या पोळीला तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

"कोण आलं?" ती म्हणाली.

मी तोंड भरलेलं असल्यामुळे नुसतं ताट पुढे केलं.